बर्फखोलीचा बीट

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे अगदी नव्हता. इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, पण जेवताना करमणूक म्हणून… आणि नंतर कमेंटमध्ये फाटे फोडायला म्हणून. "पित्त झालं असेल", "मांजर असेल", "आधी डोळे तपासून घ्या" अशी उत्तरं देणारी एक खवचट बाई इथे होती, काही जणांना आठवत असेल. ती मीच. तेव्हा आज माझी पाळी आहे. मनसोक्त फाटे फोडा, तुमचा हक्कच आहे तो. एखादा फाटा खरंच बसला तर मी तुम्हाला घरी बोलावून जेवू घालीन.

मी तळोज्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर नमुने तपासायचे, जे यंत्रावर दिसलं नाही ते रिपोर्टमध्ये लिहायचं नाही, ही आमची शिस्त. घरी आई अजून मीठ-मोहरी ओवाळून आमची दृष्ट काढते आणि मी अजून तिला म्हणते, "आई, मोहरी महाग झालीय गो." एवढ्यावरून माझा स्वभाव कळला असेल. (खाली सगळ्यांची नावं बदलली आहेत.)

माझा धाकटा भाऊ निखिल रॅप करतो. आम्ही पनवेलजवळच्या गावातले आगरी. आजोबांची भातशेती आणि खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, थोडी मिठागरं होती, आता तिथे टॉवर आहेत. निखिल आगरी बोलीतच लिहितो आणि स्टेजवर स्वतःला 'खाजण' म्हणवतो. त्याच्या दोन ओळी मला आवडतात, म्हणून देते:

खाजण बुजवला, टावर उठला, नाव बदलला गावचा
गेटवर वॉचमन इचारतंय, "नाव सांगा बापाचा!"

तर हा निखिल आणि त्याचा मित्र झोएब मिळून पनवेलमध्ये नव्या पोरापोरींसाठी शो करतात. अंडरग्राउंड म्हणतात त्याला. म्हणजे पोस्टर नाही, स्पॉन्सर नाही, इन्स्टावर एक स्टोरी टाकायची आणि ज्यांना कुठे स्टेज मिळत नाही त्यांना माइक द्यायचा. कळंबोलीचा कुणी रिक्षावाल्याचा मुलगा, करंजाड्याची कुणी बी.कॉम.ची मुलगी. शो नेहमी दुपारी, कारण संध्याकाळी केला की शेजारचे लोक पोलिसांना फोन करतात. कधी रिकाम्या गाळ्यात, कधी कुणाच्या पार्किंगमध्ये. आणि माझं काम? गर्दी आवरणे, पाण्याच्या बाटल्या मोजणे, शिव्या जास्त झाल्या की डोळे वटारणे. सगळी पोरं मला ताई म्हणतात आणि घाबरतात. तसंच असायला हवं.

यांच्या शोची एक पद्धत आहे, ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. शोची सुरुवात 'जागेच्या बीट'ने होते. झोएब हा बीट बनवणारा. तो आठवडाभर आधी त्या जागेत जातो आणि तिथलेच आवाज रेकॉर्ड करतो. शटर, जिना, पाण्याची टाकी, काहीही. मग त्या आवाजांचे तुकडे जोडून बीट बनवतो. शोच्या दिवशी सगळे गोल करून उभे राहतात आणि त्या बीटवर एकेक जण आपल्या चार ओळी म्हणतो. "जागेला आधी बोलू द्यायचं, मग आपण बोलायचं," असं झोएब म्हणतो. मला ते ऐकायला छान वाटायचं. आता नाही वाटत.

यावेळची जागा म्हणजे उरण नाक्याकडचा एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना. मासळीवाल्यांना बर्फ पुरवायचा तो. मालक म्हणजे झोएबचे लांबचे मामू, तिथेच कंपाउंडमध्ये त्यांचं छोटं ऑफिस अजून आहे. कारखान्यात एक मोठी खोली आहे जिथे लाद्या साठवायचे. जाड भिंती, आतून सगळीकडे पत्रा, खिडकी नाही, गार हवेच्या वाटा केव्हाच प्लायवूडने बुजवलेल्या. एकच दार, ते हातभर जाड, आणि त्याला बाहेरून लोखंडी दांडा, दार बसलं की आपोआप अडकणारा. आतून उघडायला एक गोल खुंटी, ती दाबली की दांडा सुटतो. झोएब तर आत शिरताच नाचायला लागला. आवाज फार लांब जाणार नाही, शेजाऱ्यांची कटकट नाही, अशी जागा पनवेलमध्ये शोधून सापडत नाही.

आधीच्या रविवारी आम्ही तिघं साफसफाईला गेलो. मी, निखिल आणि झोएब. झोएबने आपला छोटा रेकॉर्डर काढला आणि दारावर हाताच्या पंजाने दोन-तीन थापा मारून बघितल्या. घुमणारा, खोल आवाज आला. त्यासरशी मामू ऑफिसातून अक्षरशः धावत आले.

"या अल्ला! कोण आहे आत?"

"कोणी नाही मामू, मीच आहे. आवाज घेतोय."

मामूंनी छातीवर हात ठेवून श्वास घेतला. मग म्हणाले, "बेटा, या दारावर मजाकमध्ये थाप मारायची नाही. हा इथला कायदा आहे, माझ्या अब्बांच्या वेळेपासून. थाप ऐकली म्हणजे आत माणूस अडकलाय, हातातलं टाकून धावायचं. एकदा मजाक केली की खऱ्या वेळी कोण उठणार?"

मी विचारलं, "कधी कुणी अडकलं होतं का हो इथे?"

"कधीच नाही. कायदा पाळला म्हणून," मामू म्हणाले.

हे मुद्दाम लिहितेय. तिथे कुणी गेलेलं नाही, कुणाचा अपघात नाही. मी नंतर पनवेलमधल्या जुन्या मासळीवाल्या बायकांनाही विचारलं. त्या खोलीला कसलाही इतिहास नाही.

झोएब ओशाळला. मग त्याने रेकॉर्डर आत एका खोक्यावर चालू करून ठेवला. रिकाम्या खोलीचासुद्धा स्वतःचा एक आवाज असतो म्हणे, तो घ्यायचा होता. आम्ही दार ओढून लावलं, दांडा अडकला आणि नाक्यावर वडापाव खायला गेलो. तिघंही एकत्र. मामू त्यांच्या ऑफिसात.

वडा गरम होता. निखिलने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाला, "ताई, अजून येक खाव दे गो."

मी म्हटलं, "गिळ अजून आणि रात्री धापा टाक. चल, रेकॉर्डर तसाच टाकून आलोय."

निखिलला लहानपणापासून दमा आहे. आमच्याकडची हवा कशी असते ते वाऱ्याची दिशा बदलली की नाकालाच कळतं, वेगळं सांगायला नको. त्याचा औषधाचा पंप कायम माझ्याजवळ असतो, कारण तो स्वतः कुठेही विसरतो. तर मी त्याला कॉलर धरून उठवलं आणि आम्ही परत आलो. येताना झोएब वडेवाल्याची नक्कल करत होता आणि निखिल हसत होता. त्याचं हसू एकदम ओळखू येतं. मोठ्याने सुरू होतं आणि शेवटी खोकल्यात संपतं. हसतहसतच त्याने दांडा खेचला आणि दार उघडलं.

आतून गरम हवेचा झोत आमच्या तोंडावर आला. कोंदट, माणसांच्या घामाचा वास असलेला.

"आई गं," निखिल म्हणाला, "कोन बसला होता रं इतं?"

मी म्हटलं, वरती पत्रा आहे, तापला असेल. विषय संपला.

दोन दिवसांनी झोएबचा फोन. रिकाम्या खोलीच्या रेकॉर्डिंगमध्ये थापा आहेत म्हणाला. भरपूर. आधी संथ, मग जोरात. अधूनमधून 'टिंग' असा धातूचा आवाज. आणि खाली सतत एक 'शूंss… शूंss' अशी हवा. त्याने ऐकवलं. मी ताबडतोब उलगडा केला. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून एक टायरवाला आहे. तो रिम ठोकत असेल, टिंग म्हणजे पाना, आणि ती हवा म्हणजे त्याचा कॉम्प्रेसर. झोएबला पटलं. मलाही पटलं, मीच सांगितलं होतं ना.

त्यातून त्याने जो बीट बनवला… काय सांगू. मला रॅपमधलं फारसं कळत नाही, पण तो ऐकल्यावर माझा पाय आपोआप हलायला लागला. थापा म्हणजे ढोल, टिंग म्हणजे मधली झांज, आणि ती शूं-शूं सगळ्याच्या खालून वाहत राहिलेली. एके ठिकाणी 'धप्प' असा काहीतरी पडल्याचा आवाज होता, तिथे झोएबने सगळं थांबवून पुन्हा सुरू केलं होतं. निखिल म्हणाला, असला बीट अजून पनवेलात वाजलाच नाय.

शोच्या सकाळी निखिलने माझ्या हातात एक चांदीचं कडं घातलं. राखीचं राहिलं होतं म्हणे. चांगलं जाड, जड. मी वरवर कुरकुरले, पण सोडा… फार बरं वाटलं मला. भाऊ काही देत नाहीत हो, आणि दिलं की बहिणी लगेच विरघळतात.

सकाळभर साउंड चेक चालला होता. पहिल्यांदा बीट वाजला तेव्हा मामू पुन्हा धावत आले. निखिलने त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि समजावलं. "मामू, ही थाप खरी नाय. कम्प्युटरमधली हाय. आज दिसभर वाजनार. तुमी उठू नका."

मामूंना ते आवडलं नव्हतं. तोंडावरून दिसत होतं. पण पोरांचा उत्साह बघून गप्प बसले. समोरच्या चहावाल्यालाही निखिल सांगून आला. थोडक्यात, त्या दारावरची थाप ऐकून उठणारी जी काही माणसं होती, त्या सगळ्यांना आम्ही स्वतः जाऊन सांगितलं की उठू नका.

दुपारी पोरं जमली. पंचवीस-तीस असतील. धूर सोडणारं मशीन कुणीतरी भाड्याने आणलं होतं, त्यावरून माझं आणि निखिलचं आधीच वाजलं होतं. "थोडासाच सोडतो," म्हणाला. सगळे आत आले, गोल झाला, आणि निखिलने दाराखालची लाकडी पाचर पायाने काढली. पहिल्या बीटला दार बंद हवं होतं त्याला. दार मागून जड आवाज करत बसलं. खुंटी सकाळी दोनदा दाबून बघितली होती, चालत होती.

बीट सुरू झाला. पहिली तन्वी. करंजाड्याची, पहिल्यांदाच माइक धरत होती, पण आवाज असा की सगळे ओरडायला लागले. मग दुसरा, तिसरा. धूर गुडघ्यापर्यंत आला होता. मी गोलाच्या बाहेर उभी होते आणि माझं लक्ष निखिलकडे होतं. त्याचा नंबर यायचा होता. त्याने तोंड उघडलं, पहिली ओळ म्हटली, आणि दुसरीला श्वासच पुरला नाही. लोकांना वाटलं स्टाइल आहे. मला माहीत होतं.

पंप माझ्या पर्समध्ये. पर्स स्कूटीच्या डिकीत. स्कूटी बाहेर अंगणात. मी दाराकडे गेले आणि खुंटी दाबली.

खुंटी माझ्या हातात निघून आली.

मी ती परत भोकात घालून दाबली, फिरवली, पुन्हा दाबली. आत काहीतरी निसटून पडल्याचा बारीक आवाज आला आणि मग ती नुसतीच आत-बाहेर होऊ लागली. मी झोएबला हाक मारली. त्याने बीट बंद केला. दोन-तीन मुलांनी खांदे लावले. दार जागचं हललंसुद्धा नाही. मोबाइलला रेंज नाही, चारही बाजूंनी पत्रा. कुणीतरी धुराचं मशीन बंद केलं, पण धूर जाणार कुठे?

"थापा मारा," मी म्हटलं. "बाहेर मामू आहेत."

आणि मारताना माझ्या लक्षात आलं की आपण काय करून ठेवलंय. बाहेर खुर्चीवर बसलेल्या माणसाला सकाळपासून हेच ऐकू येतंय. बीट बंद झालाय हे त्याला कसं कळणार? त्याच्यासाठी बीट चालूच आहे!

"तालात मारू नका!" मी ओरडले. "वेडंवाकडं मारा. बेताल!"

आता हे वाचून हसाल, पण ती पोरं खरंच प्रयत्न करत होती. मीही करत होते. जमत नव्हतं. चार वेडेवाकडे हात पडायचे आणि पाचव्याला सगळ्यांचे हात पुन्हा त्याच ठेक्यात यायचे. मी मुद्दाम थांबून चुकीच्या जागी थाप मारली, तर शेजारच्या दोघांची थाप नेमकी अशी पडली की माझी चुकीची थाप ठेक्यात बसली. तन्वी रडायला लागली. म्हणाली, "ताई, माझा हात माझं ऐकत नाहीये."

निखिलला मी भिंतीला टेकवून बसवलं होतं. शर्टाची बटणं उघडली, पुढे वाकवलं, पाठ चोळली. त्याचे ओठ निळसर दिसायला लागले होते. दम्याच्या माणसाच्या घरात जे राहिलेत त्यांना तो आवाज माहीत असेल, छातीतून येणारी शिट्टी. शूंss… शूंss…

मी झोएबकडे बघितलं. तोही माझ्याकडेच बघत होता. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर नव्हता तो. आठवडाभर आम्ही ज्या आवाजावर पाय हलवत होतो, तो माझ्या भावाचा श्वास होता.

मी उठून दारावर थाप मारली. हातातलं नवं कडं पत्र्यावर आपटलं.

टिंग.

झोएबने लॅपटॉप उघडला. आपण रेकॉर्ड केलेला आवाज त्यात डोंगर-दऱ्यांच्या चित्रासारखा दिसतो, मोठा आवाज म्हणजे उंच डोंगर, शांतता म्हणजे सपाट रेघ. त्याने त्या रविवारचं मूळ रेकॉर्डिंग लावलं, कापाकापी न केलेलं.

"ताई, हे बघा. थापा. मग इथे तो धप्प. त्याच्यानंतर थोड्या थापा… आणि मग बंद. एकदम बंद. सपाट."

"आणि मग?"

"मग हे एक मोठं टोक. दार उघडल्याचं. आपण वडापाव खाऊन आलो ना, ते."

तेवढ्यात मागे दाराशी ढकलाढकली झाली, कुणाचा तरी धक्का लागला आणि स्पीकरचा स्टँड खाली आला. धप्प.

तो आवाज मी इतक्या वेळा ऐकला होता की बघायचीही गरज नव्हती. आता खरं सांगते… मी विचार केला नाही. मी लॅबमधली बाई, पुरावा मागणारी. पण समोर भाऊ निळा पडत चाललेला आणि हातात दुसरं काही नाही. रेकॉर्डिंगमध्ये थापा थांबतात आणि मग दार उघडतं. आपण थांबलो नाही तर? स्वतःच्या मनाला मी एक शहाणं कारणही दिलं. बीट थांबला तर मामूंना वाटेल शो संपला, ते बघायला उठतील.

"बास!" मी ओरडले. "कुणीही दाराला हात लावायचा नाही!"

"ताई, वेड लागलंय का?" तन्वी किंचाळली. "तुमचा भाऊ मरतोय!"

"म्हणूनच सांगतेय. हात खाली. एक आवाज नकोय मला."

कसे काय ऐकले सगळे, माहीत नाही. डोळे वटारण्याची इतक्या वर्षांची पुण्याई असेल. हात खाली आले. मी जाऊन निखिलला मांडीवर घेतलं. त्या खोलीत एवढी माणसं आणि त्याच्या छातीच्या शिट्टीखेरीज काही ऐकू येत नव्हतं. मग तीही बारीक होत गेली. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नाही. थापा मारताना निदान काहीतरी करतोय असं वाटत होतं. आता मीच ते बंद करायला लावलं होतं, आणि चुकलं असेल तर ते मी केलेलं असणार होतं. आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. लॅपटॉपवरची ती सपाट रेघ मला दिसत होती. किती लांब होती ती.

आणि मग बाहेरून हसण्याचा आवाज आला.

मोठ्याने सुरू झालेलं हसू, शेवटी खोकल्यात संपलेलं. मी मांडीवरच्या निखिलकडे बघितलं. त्याचे डोळे अर्धवट मिटलेले होते आणि तोंडातून आवाज निघण्याइतकी हवा त्याच्याजवळ नव्हती.

दांडा खेचला गेला. दार उघडलं. आतली सगळी गरम, कोंदट हवा आमच्या पाठीवरून एका झोतात बाहेर गेली आणि उजेड आला.

बाहेर कोणीही नव्हतं.

मी त्यावर विचार करायला थांबले नाही. स्कूटीकडे पळाले, पंप आणला, निखिलच्या तोंडात धरला. फाटक उघडताच दोन मुलांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, संध्याकाळी तो बसून "शो कॅन्सल नको करू हां" म्हणाला तेव्हा मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग बाहेर जाऊन पोटभर रडले.

मामू? मामू खुर्चीत नव्हतेच. ते असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाला गेले होते, जाताना फाटक ओढून बाहेरून कडी घालून. "पोरं आत आहेत, कोण कुठे जातंय," असं वाटलं त्यांना. परत येऊन त्यांनीच फाटक उघडलं, तोवर कडी तशीच होती आणि आत अंगणात पोरं जमिनीवर पडून श्वास घेत होती. म्हणजे मी ज्या माणसाच्या भरवशावर थापा थांबवल्या, तो तिथे नव्हताच. खुंटी तुटल्यावर दांडा बाहेरून खेचल्याशिवाय सुटत नाही. मी पुढच्या आठवड्यात जाऊन स्वतः तपासलं, त्या खुंटीशिवाय आतून दांड्यापर्यंत काही पोचतच नाही. टायरवाल्याकडेही गेले. तो दर रविवारी दुकान बंद ठेवतो. ती खुंटी मात्र मामूंनी माझ्यासमोर बदलून घेतली, आणि नंतर तर खोलीचं दारच काढून टाकलं.

झोएबने तो बीट पुन्हा वाजवला नाही. मूळ रेकॉर्डिंग आम्ही तिघांनी एकदाच पूर्ण ऐकलं, माझ्या घरी, दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून. थापा. कड्याची टिंग, त्या रविवारी माझ्याकडे नसलेल्या कड्याची. श्वास. धप्प. थापा. मग ती शांतता. मग दांडा खेचल्याचा आवाज, निखिलचं हसू, आणि निखिलचाच आवाज: "आई गं, कोन बसला होता रं इतं?"

मग निखिल हळूच म्हणाला, "ताई, दार आपुनच उघडला ना गो?"

मला माहीत नाही. लॅबच्या भाषेत सांगायचं तर नमुना माझ्याकडे आहे, निष्कर्ष नाही. काहीतरी सुटतंय, कुठेतरी साधं कारण असेलच, असं मी अजून स्वतःला सांगते. तुम्हाला सापडलं तर लिहा. जेवणाचं आमंत्रण खरंच आहे.

फक्त एक गोष्ट मला झोपू देत नाही. निखिलने त्या रविवारी अजून एक वडा मागितला होता, आणि मी तो खाऊ दिला असता तर दार तेवढंच उशिरा उघडलं असतं.